अकरा लॅपटॉप आणि चार खुर्च्या

ताईंना सप्रेम नमस्कार.

मी बडोद्याचा, दांडिया बाजारात राहतो. मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत एका कारखान्यात स्टोअर आणि कॉम्प्युटर दोन्ही माझ्याकडे. नऊ वर्षांपूर्वी आम्ही पाच-सहा मित्रांनी लिनक्स, म्हणजे विंडोजऐवजी कॉम्प्युटरवर चालणारी मुक्त प्रणाली, वापरणाऱ्यांचा गट सुरू केला. महिन्याचा दुसरा शनिवार, संध्याकाळी पाच, एका जुन्या वाचनालयाची माडीवरची खोली. आधी कुणीतरी बोलायचं, मग चहा, मग ज्याचं जे अडलं असेल ते मिळून सोडवायचं. पहिली काही वर्षं फार छान गेली. नऊ वाजले तरी कुणी हलायचं नाही, खालचे काका दिवे मालवायला वर यायचे.

आता चित्र पालटलंय. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि आमच्याकडे रांग लागली. ज्यांच्या मशीनवर विंडोज ११ चढत नाही ते सगळे पिशवीत लॅपटॉप घालून येतात, लिनक्स बसवून घेतात, जातात. मागच्या शनिवारी मी एकट्याने अकरा लॅपटॉप केले. एका काकूंचं वायफाय दिसत नव्हतं, मी दहा मिनिटांत करून दिलं. पाच दिवसांनी रात्री साडेदहाला त्यांचा फोन: "भाऊ, अपडेट विचारतंय, हो म्हणू का?" त्याच शनिवारी अहमदाबादचा एक मुलगा स्वतःच्या खर्चाने कंटेनरवर (प्रोग्राम त्याच्या सगळ्या सामानासकट एका बंद डब्यात चालवायची रीत) बोलायला आला होता. त्याच्यापुढे चार खुर्च्या भरल्या, त्यातले दोघे आपला लॅपटॉप कधी होतो याची वाट बघत बसलेले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

खोलीचं भाडं, चहा, पेनड्राइव्ह, सगळं माझ्या खिशातून. बायको म्हणते, "तुम्ही फुकटचे मेकॅनिक झालात." शिवाय आमच्यात एक हुशार मुलगा आहे, तो नवख्या माणसाला एकच विचारतो, "मॅन पेज वाचलं का?" म्हणजे त्या आज्ञेची लिनक्समधलीच इंग्रजी माहिती. तो माणूस पुन्हा दिसत नाही.

गट बंद करू का? की फी लावू? दिवाळीपर्यंत काय ते ठरवायचंय.

आपला,
एक दमलेला संयोजक

भाऊ,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्या वाचनात मी पूर्ण तुमच्या बाजूची होते. अकरा लॅपटॉप म्हणजे चेष्टा नाही. दुसऱ्यांदा वाचताना मात्र हातात पेन्सिल होती आणि एका वाक्याखाली रेघ ओढली गेली: "मी दहा मिनिटांत करून दिलं." मग वर पाहिलं तर अकरा लॅपटॉपही "मी एकट्याने केले". तक्रार तुम्ही लोकांची लिहिली आहे, पण पत्रात काम करताना दिसतो तो एकच माणूस.

त्या दहा मिनिटांत काकू काय करत होत्या, ते तुम्ही लिहिलेलं नाही. मी तिथे नव्हते, तरी सांगते. पर्स मांडीवर घेऊन शेजारच्या खुर्चीत बसल्या होत्या. लॅपटॉपचा पडदा तुमच्याकडे वळलेला होता. त्यांना दिसत होती तुमच्या दंडाची बाजू आणि पडद्याची कड. मधूनच तुम्ही "पासवर्ड?" म्हणालात, तेव्हा त्यांनी तो तुमच्या कानात सांगितला. मग "झालं" म्हणालात. त्या "थँक्यू भाऊ" म्हणाल्या आणि जिना उतरल्या. रात्री साडेदहाचा फोन त्या जिन्यातच ठरला होता. लॅपटॉप त्यांच्या पिशवीत होता, पण मालक तुम्ही झाला होतात. दुसऱ्याच्या वस्तूवर काही उमटलं की माणूस मालकाला विचारतोच. त्यात काकूंचं काही चुकलं नाही.

आता तेच वायफाय दुसऱ्या रीतीने बघा. काही वायफाय चिपांचे ड्रायव्हर, म्हणजे चिप चालवणारे छोटे प्रोग्राम, मुक्त परवान्यात येत नाहीत, म्हणून उबुंटू (लिनक्सचाच एक अवतार) बसवल्यावर ते वेगळे घ्यावे लागतात. ते घ्यायला इंटरनेट हवं, आणि इंटरनेट नाही म्हणून तर ड्रायव्हर हवा. पोहरा विहिरीत आणि दोरही पोहऱ्यालाच गुंडाळलेला, अशातली गत. यावरचा तोडगा तुम्ही झोपेतही सांगाल: फोन चार्जिंगच्या केबलने लॅपटॉपला जोडायचा, फोनच्या सेटिंगमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करायचं म्हणजे फोनचं इंटरनेट लॅपटॉपला मिळतं, मग ॲडिशनल ड्रायव्हर्समध्ये जाऊन सुचवलेला ड्रायव्हर निवडायचा. सिक्युअर बूट, म्हणजे अनोळखी सॉफ्टवेअरला सुरुवातीलाच अडवणारं कुलूप, चालू असेल तर तिथे एक पासवर्ड ठरवायला सांगतात, आणि मशीन पुन्हा सुरू होताना निळा पडदा येतो. "एनरोल एमओके" निवडून तोच पासवर्ड द्यायचा. तो पडदा फार वेळ थांबत नाही. घाबरून माणूस काहीच दाबत नाही, मशीन तसंच पुढे जातं आणि वायफाय पुन्हा गायब. कितीतरी लोक इथेच "लिनक्स खराब आहे" म्हणून परत फिरलेत.

यातली केबल काकूंच्या पर्समध्ये असते. फोन त्यांचा. पासवर्ड त्यांनी ठरवायचा. निळा पडदा आला की दचकायचंही त्यांनीच, आणि तुम्ही शेजारी बसून एवढंच म्हणायचं, "हा येणारच होता, वरून दुसरी ओळ वाचा." याला पंचवीस मिनिटं लागतील. लागू देत. पुढच्या महिन्यात रांगेत एखाद्याचं वायफाय गेलं तर काकू म्हणतील, "केबल आणलीय का तुम्ही?" तुमच्या दहा मिनिटांच्या पद्धतीत हे वाक्य कधीही जन्माला येणार नाही.

हा शहाणपणा माझ्याकडे आपोआप आलेला नाही. मी एका अभियांत्रिकी कॉलेजात प्रयोगशाळा सांभाळायचे, आणि विद्यार्थ्यांच्या हातून कीबोर्ड काढून घेण्यात माझा हात कुणी धरला नसता. मुलगा तीन अक्षरं चुकीची टाइप करायचा, मला ते बघवायचं नाही, "सर बाजूला" म्हणून मी बसायची. मुलं खूश, मी खूश.

२०१३ ची गोष्ट. आम्ही एका रविवारी लिनक्स बसवून देण्याचा कार्यक्रम ठेवला होता. एक गृहस्थ डेस्कटॉपच उचलून घेऊन आले होते, एका गणेशोत्सव मंडळाचे खजिनदार. आमच्याकडचे पेनड्राइव्ह कमी पडत होते, म्हणून त्यांच्याच मशीनवर बसून आणखी एक पेनड्राइव्ह तयार करावा म्हटलं. डीडी, म्हणजे एखादी फाइल थेट डिस्कवर उतरवणारी आज्ञा, टाइप केली. या डीडीला जुने लोक गमतीने "डिस्क डिस्ट्रॉयर" म्हणतात, ते उगाच नाही. तिला कुठे लिहायचं ते सांगितलं की ती लिहिते. "नक्की का?" असं ती विचारत नाही. लिनक्स डिस्कना ओळीने एसडीए, एसडीबी, एसडीसी अशी नावं देतं. माझ्या लॅपटॉपला एकच डिस्क, त्यामुळे तिथे पेनड्राइव्ह नेहमी एसडीबी. बोटांना तीच सवय. या गृहस्थांच्या मशीनमध्ये दोन डिस्क होत्या. एसडीबी म्हणजे त्यांची दुसरी डिस्क. पेनड्राइव्ह होता एसडीसी.

एलएसबीएलके एवढी पाच अक्षरं आधी टाइप केली असती तर तिन्ही डिस्क आकारासकट पडद्यावर आल्या असत्या. मला घाई होती, रांग होती. अगदी तुमच्यासारखीच. आणि ऐका, ती दुसरी डिस्क त्या गृहस्थांनी स्वतः विकत घेऊन बसवली होती. ते माझ्या शेजारीच बसले होते. मी विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं. पण ज्याचं मशीन त्यालाच काही विचारायचं असतं, हे माझ्या डोक्यातच नव्हतं.

मंडळाचे सहा वर्षांचे हिशेब गेले. फोटोरेक हे पुसलेल्या फायली शोधणारं सॉफ्टवेअर चालवलं, तेव्हा शेकडो फायली परत आल्या, पण नावं पुसलेली. कुठली पावती कुठल्या वर्षाची, काही लागेना. नशीब एवढंच की कागदी व्हाउचर एका पत्र्याच्या ट्रंकेत होती. पाच आठवडे मी रोज संध्याकाळी त्यांच्या घरी बसून ती सगळी पुन्हा चढवली. मांडववाल्याचं बिल, ढोलवाल्याचं बिल, एका वर्षी प्रसादाला किती पेढे आले आणि किती खपले. सहाव्या आठवड्यापासून मी लोकांच्या शेजारी हात मागे बांधून बसायला लागले. ओढणीचं टोक मुठीत घट्ट धरलं की हात कीबोर्डकडे जात नाही. तुम्ही खिशात घाला.

पुढच्या शनिवारपासून एवढं एकच करून बघा. आठवड्यापूर्वी सगळ्यांना कळवा: डेटाचा बॅकअप घेऊनच या, मशीनला हात तुम्ही स्वतः लावणार आहात, दोन तास लागतील. अकरातले पाच येणारच नाहीत. त्यांना खरं तर दुकान हवं होतं. त्यांना दुकानात जाऊ द्या. बिजागरी तुटली, बॅटरी फुगली, जुनी फिरती हार्डडिस्क काढून एसएसडी टाकायची आहे, ही दुकानाची कामं आहेत आणि त्यावर कुणाची तरी घरं चालतात. त्यांच्या पोटावर आपण फुकटात पाय का द्यायचा? ज्या व्यापाऱ्याचा सगळा धंदा टॅलीवर आहे, त्यालाही तोंडावर सांगा की तुमच्यासाठी हे नाही. टॅली विंडोजवर चालतं. काहीतरी जुगाड करून ते लिनक्सवर चालवून द्याल आणि मार्चअखेरीला तो तुमच्या दारात उभा राहील.

फीचं म्हणाल तर नको. फी घेतली की समोरचा ग्राहक झाला, आणि ग्राहक म्हटला की गॅरंटी आली. साडेदहाचा फोन मग त्याचा हक्क होतो. इंग्रजीत "फ्री" या एकाच शब्दाने दोन अर्थ निघतात म्हणून तिकडे फार घोळ होतो. आपल्याकडे मुक्त वेगळं आणि मोफत वेगळं. सॉफ्टवेअर मुक्त आहे. तुमचा शनिवार मोफत आहे, असं कुणी म्हटलंय?

पण खर्च तुमच्या खिशातून जाणं मात्र बंद व्हायला हवं. वहिनींचं चुकत नाही, त्यांना माझा नमस्कार सांगा. ज्या गावात तुम्ही राहता तिथेच याचा नमुना आहे. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये बॉर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून घेतलं आणि संस्थानात गावोगाव वाचनालयं उभी राहिली, पुस्तकांच्या फिरत्या पेट्या खेड्यांत गेल्या. शाळेत हे आपण सगळ्यांनी ऐकलंय. पैशाची व्यवस्था काय होती ते सहसा कुणी सांगत नाही: गावाने आधी आपला हिस्सा जमवायचा, मग तेवढीच भर प्रांत पंचायतीची आणि तेवढीच सरकारची. तिजोरीत पैसा नव्हता म्हणून अशी अट घातली, असं मला वाटत नाही. गावाने स्वतः रुपया घातला की वाचनालय गावाचं होतं, एवढं त्यांना कळत होतं. दाराशी एक डबा ठेवा, त्यावर भाडं किती आणि चहा किती ते लिहा. जमलं नाही तर त्या महिन्यात चहा नाही. चहावाचून लिनक्स बसतं.

आता व्याख्यानं. इथे मी जरा जास्त बोलणार आहे, कारण तुमच्या पत्रातलं हेच दुखणं मला खरं वाटतं.

पहिली वर्षं छान का गेली, याचा विचार केलात का? तेव्हा तुम्ही सहाही जण अडलेले होतात. बोलणारा मागच्या आठवड्यात जिथे आपटला तेच सांगत होता, आणि ऐकणारा पुढच्या आठवड्यात तिथेच आपटणार होता. आता खोलीत एका माणसाला सगळं येतं आणि चाळीस जणांना काहीच येत नाही. त्यांच्यापुढे तुम्ही कंटेनर ठेवलात. विषय वाईट नाही, मुलगाही चांगला असणार, त्याला पत्र लिहून दिलगिरी कळवा आणि कॉलेजातल्या पोरांना जमवून वेगळ्या दिवशी पुन्हा बोलवा. पण ज्याचं वायफाय दिसत नाही त्याला कंटेनर समजावणं म्हणजे तहानलेल्याला नदीजोड प्रकल्प समजावणं.

माझ्या अनुभवात सगळ्यात रंगलेलं व्याख्यान एका झेरॉक्सवाल्याचं होतं. बारा मिनिटं. त्याचा जुना लेझर प्रिंटर लिनक्सवर संध्याकाळपर्यंत छान चालायचा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मुका. पुन्हा ड्रायव्हर टाकला की चालू, दुसऱ्या दिवशी पुन्हा मुका. दोन आठवडे तो वेडा झाला होता. गटातल्या एकाने त्याला उत्तर दिलं नाही, उलट विचारलं, "रात्री प्रिंटरचं बटण बंद करतोस का?" तिथून त्याने स्वतः शोधून काढलं की काही जुन्या प्रिंटरांच्या पोटात स्वतःचं फर्मवेअर, म्हणजे प्रिंटरला चालवणारा आतला प्रोग्राम, कायमचं साठवायला जागाच नसते. बंद केला की तो सगळं विसरतो, चालू केल्यावर कॉम्प्युटरने ते दर वेळी नव्याने पाठवावं लागतं. विंडोजमध्ये ड्रायव्हर हे गुपचूप करून टाकतो. लिनक्समध्ये त्यासाठीचा प्लगइन बसवावा लागतो, तो त्याने बसवलेला नव्हता. सभेत उभा राहून तो म्हणाला, "आमचं पोरगं रोज सकाळी शाळेचा पत्ता विसरायचं, मला वाटायचं शाळाच हलते." हशा थांबेना. फर्मवेअर आणि ड्रायव्हर यांतला फरक त्या दिवशी जेवढ्यांना कळला तेवढ्यांना मला वर्गात वीस वर्षांत समजावता आला नसेल.

दुसरं व्याख्यान मुद्रितं तपासणाऱ्या एका बाईंचं. त्यांनी फळ्यावर दोन शब्द लिहिले: दर्या आणि दऱ्या. एक समुद्र, एक डोंगरातल्या. मग विचारलं, दुसरा शब्द तुमच्या मशीनवर टाइप करून दाखवा. बडोद्याची मराठी माणसं, निम्म्यांना येईना. वर्षानुवर्षं डोंगरात समुद्र टाइप करत होते. इनस्क्रिप्ट या भारतीय भाषांच्या कळफलकावर साधा र इंग्रजी "जे" या कळीवर आहे. शिफ्ट धरून जे दाबलं की नुक्त्याचा ऱ येतो, मग डी ने पाय मोडायचा, मग तिरक्या रेघेच्या कळीवर य. झाला ऱ्य. एवढंच होतं ते व्याख्यान. त्या बाईंना टर्मिनल (आज्ञा टाइप करायची खिडकी) उघडता येत नव्हतं, पण त्या दिवशी सगळ्या खोलीने त्यांच्याकडून शिकून घेतलं.

लिनक्सचा जन्मही मला असाच वाटतो. २५ ऑगस्ट १९९१ ला हेलसिंकीच्या एकवीस वर्षांच्या लिनस टॉरवाल्ड्सने आपल्या खटाटोपाची बातमी दिली ती मुळात विचारणा होती: मिनिक्समधलं (तेव्हाची एक छोटी प्रणाली) तुम्हाला काय आवडतं, काय नाही? पुढे त्याने असंही लिहिलं की एटी प्रकारची हार्डडिस्क सोडून दुसऱ्या कशावर हे बहुधा कधी चालणार नाही, कारण माझ्याकडे तेवढीच आहे. ज्याच्याकडे दुसरी डिस्क होती त्याने मग दुसऱ्या डिस्कचं बघितलं. कुणाकडे वेगळं नेटवर्क कार्ड होतं, त्याने त्याचं. प्रत्येकाने आपलं अडलेलं घेऊन यायचं आणि सुटलेलं ठेवून जायचं. लिनसने जगातल्या प्रत्येकाच्या टेबलाशी जाऊन दहा मिनिटांत करून दिलं असतं तर आज तुमच्याकडे रांग लागायला लिनक्स उरलं नसतं.

तेव्हा बाहेरचा वक्ता सध्या राहू द्या. मागच्या महिन्यात ज्याचं काही अडलं आणि सुटलं, तो पुढच्या महिन्यात पाच वाजता दहा मिनिटं बोलेल. स्लाइड नकोत. काय दिसत होतं, मी काय काय चुकीचं करून पाहिलं, शेवटी काय निघालं, बस. "चुकीचं काय करून पाहिलं" यावर जोर द्या, लोक ते गाळतात आणि मजा तिथेच असते. रांग त्यानंतर. म्हणजे लॅपटॉपची वाट बघणारेही ऐकतील, आणि त्यातल्या दोघांचं दुखणं ऐकता ऐकताच सुटेल. मराठीत बोलू देत, गुजरातीत बोलू देत, दोन्हीची खिचडी करू देत. आपल्या गावात १८९० मध्ये त्रिभुवनदास गज्जरांनी कलाभवन काढलं तेव्हा कारागिरांच्या मुलांना रंगरसायनं आणि यंत्रं मातृभाषेतूनच शिकवायचं ठरलं होतं. मग आपल्याला कर्नल (लिनक्सचा गाभा) हा शब्द आला की पुढचं वाक्य इंग्रजीत म्हणण्याची सक्ती कशाला?

दाराशी एक जाड वहीही ठेवा. मशीन कुठलं, काय अडलं, काय केल्यावर सुटलं. हे मशीनवाल्यानेच आपल्या अक्षरात लिहायचं, तुम्ही नाही. वर्षभरात त्या वहीची काय किंमत होते ते बघा.

तो हुशार मुलगा. त्याला ओरडू नका, मॅन पेज वाचायला सांगणं चूक नाही, सांगून निघून जाणं चूक आहे. त्याला म्हणा, जो विचारेल त्याच्या शेजारी बसून ते पान त्याच्याबरोबर मोठ्याने वाच आणि ओळीचा अर्थ मराठीत सांग. पहिल्याच पानाला त्याला कळेल की अर्ध्या ओळी त्यालाही नीट कळलेल्या नव्हत्या. नाही टिकला तर नाही टिकला.

आणि तुम्ही? गट बंद करू नका, पण दोन शनिवार जाऊ नका. वहिनींना घेऊन सुरसागरला फिरायला जा, सेव उसळ खा, फोन घरी ठेवा. तुम्ही खोलीत असलात की सगळे तुमच्याकडेच बघणार, आणि तुम्हाला राहवणारही नाही. मला माहीत आहे, मी तुमच्याच जातीची.

खोलीची किल्ली कुणाकडे द्यायची असं विचाराल. हुशार मुलाकडे नको, जुन्या पाच-सहा मित्रांपैकीही कुणाकडे नको. ते तुमच्यासारखंच करतील. माझ्या मनात तुमच्या वायफायवाल्या काकू आहेत. हसू नका. तुमच्या पत्रात ज्यांनी लॅपटॉप नेल्यावर पाच दिवसांनीही तो उघडला होता, अशा त्या एकट्याच आहेत. बाकीच्या दहांचं काय झालं ते तुम्हालाही माहीत नाही. त्यांच्यापुढे काहीतरी उमटलं तेव्हा त्यांनी ते वाचलं, न कळता हो म्हटलं नाही, थांबल्या आणि विचारलं. २०१३ सालच्या त्या रविवारी हे माझ्याच्याने झालं नव्हतं.

त्यांना फोन करा. सांगा की रोजच्या अपडेटला हो म्हणायचं, चार्जर लावून, आणि मध्येच झाकण मिटायचं नाही. "नवीन आवृत्ती उपलब्ध आहे" असं आलं तर मात्र तूर्त नाही. ते वेगळं प्रकरण आहे, बॅकअप घेऊन शनिवारी खोलीत करायचं. मग त्यांना विचारा की हो म्हटल्यावर पडद्यावर काय काय आलं, ते दुसऱ्या शनिवारी पाच वाजता दहा मिनिटं सांगाल का. आणि त्या हो म्हणाल्या तर किल्ली कुठे पोचवायची तेही विचारून घ्या.

फोन साडेदहाच्या आत करा.

तुमची,
ताई